आगमन काळात दुसऱ्याला आनंद द्यायचाय? मग २३ डिसेंबरची वाट बघू नका

दरवर्षी नाताळच्या तोंडावर मला चार-पाच फोन तरी हमखास येतात, अगं एखाद्या गरजू घराचं नाव सांग ना, आमच्या ग्रुपने केक आणलेत, पिशव्या भरून तयार आहेत, कुठे द्यायच्या तेच कळत नाही. तारीख २२ नाहीतर २३ असते. मन चांगलं असतं, पदरचे पैसे घातलेले असतात, पण सगळं उलट्या बाजूने सुरू झालेलं असतं. वस्तू आधी आली आणि माणूस शोधायला नंतर निघाले. मग आपल्या सिंधुदुर्गात सावंतवाडी घ्या, वेंगुर्ला घ्या, मालवण घ्या, सगळे ग्रुप त्याच ठरलेल्या दोन-चार ठिकाणी एकाच संध्याकाळी जाऊन धडकतात आणि जिथे खरंच कोणीतरी दाराकडे कान लावून बसलेलं असतं तिथे कोणी फिरकत नाही.

मीही हेच केलंय. तीन वर्षांमागे आमच्या वाडीतल्या एका आजीकडे २३ तारखेला प्लम केक घेऊन गेले, बाहेर रिक्षा थांबवून ठेवली होती. आजी म्हणाली, "बस गो जरा, च्या ठेवतंय." मी म्हटलं नको आजी, अजून सात घरं आहेत. केक ठेवायला फ्रीज उघडला तर आत आधीच तीन केक, खोकीसुद्धा न उघडलेली, आणि आजीला डायबेटिस. मी निघाले तेव्हा ओट्यावर दोन कप काढून ठेवलेले दिसले, बशीसकट. ते दोन कप अजून माझ्या डोळ्यापुढून जात नाहीत, आणि तेव्हापासून मी सगळा क्रमच बदलला. तोच खाली लिहितेय. मी कॅथलिक आहे म्हणून शब्द आमच्याकडचे येतील, इतर मंडळींनी आपापल्या चर्चप्रमाणे समजून घ्यावेत.

आधी कॅलेंडर काढा

आगमन काळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे आठवडे, नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो, म्हणजे वर्षाप्रमाणे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामधला जो रविवार येईल तो. २०२६ चं उदाहरण घ्या, २९ नोव्हेंबर, ६, १३ आणि २० डिसेंबर असे चार रविवार मिळतात आणि नाताळ शुक्रवारी येतो. चार आठवडे म्हणजे भरपूर वेळ वाटतो ना, पण तसा तो नसतो. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, आपल्याकडची निम्मी माणसं नोव्हेनाला (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला) किंवा फेस्ताला जातात. ८ डिसेंबरला निष्कलंक मातेचा सण. त्यात लग्नं. शाळांची स्नेहसंमेलनंही बहुतेक डिसेंबरातच. मग कन्फेशनच्या (फादरपुढे पापं कबूल करण्याच्या) रांगा, घराची साफसफाई, मुंबईहून आणि गल्फमधून येणारे पाहुणे. हे सगळं आधी कॅलेंडरवर लिहा आणि मग उरलेल्या संध्याकाळी मोजा. माझ्या नऊ किंवा दहा उरतात, जास्त कधीच नाही.

म्हणून पहिला नियम, दुसऱ्यांसाठी ठेवलेल्या संध्याकाळी पेनाने आधीच भरून टाका. "वेळ मिळाला की जाऊ" म्हटलं की ते घर राहिलंच म्हणून समजा.

एक गोष्ट तर आगमन काळाच्याही आधीची आहे. घरी एकटे आईवडील असलेल्या तुमच्या ओळखीच्या माणसाला ऑक्टोबरातच फोन करून विचारा, नाताळला येतोस ना, तिकीट काढलंस का. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे २२-२३ डिसेंबरच्या तुतारी किंवा कोकणकन्या एक्सप्रेसचं तिकीट ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास काढावं लागतं, नंतर वेटिंग. "तिकीट मिळालं नाही म्हणून आलो नाही" हे वाक्य आपल्या किती म्हाताऱ्यांनी किती नाताळांना ऐकलंय. तुमच्या एका फोनमुळे एक पोरगा घरी आला तर पुढचे सगळे टप्पे बाजूला ठेवले तरी चालतील, इतकं मोठं काम झालं असं मी धरते.

टप्पा १: यादी, आणि ती नावानिशी

पहिल्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात एका कागदावर नावं लिहा. "गरीब लोक", "वृद्ध", "अनाथ मुलं" असले गठ्ठे लिहू नका. ज्यांच्या घराचं दार तुम्हाला माहीत आहे अशी माणसं लिहा. जास्तीत जास्त पाच घरं. एकट्याने करत असाल तर तीन. हो, तीनच. पंचवीस घरांत पिशव्या वाटणं सोपं पडतं, तीन घरांत तीन-तीनदा जाणं जड जातं, पण माझ्या अनुभवात माणसाच्या चेहऱ्यावर फरक पडतो तो तिसऱ्या वेळेला.

कोणाची नावं? मी अशी शोधते:

ह्या वर्षी ज्या घरात मयत झालीय ते घर सगळ्यात वर. अशा घरात बहुतेक नेवऱ्या-दोदोल असला नाताळचा फराळ होत नाही, दारावर स्टारचा कंदीलसुद्धा लागत नाही, आणि लोक "त्यांना त्रास नको" म्हणून जायचे थांबतात. नेमकं तेव्हाच जायचं असतं.

ज्यांच्याकडे कोणी आजारी आहे ते घर. आणि लक्ष आजाऱ्यावर असतं तितकंच त्याचं करणाऱ्यावर ठेवा, ती बाई सहा-सहा महिने रविवारच्या मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) आलेली नसते.

परगावचा माणूस. आपल्या आंब्याच्या बागांतले नेपाळी राखणदार, बोटींवरचे खलाशी, बांधकामावरची कुटुंबं. हे ख्रिस्ती असोत नसोत. घरापासून लांब असलेल्या माणसाला सण जास्त लागतो.

शेजारी, हिंदू किंवा मुसलमान, ज्यांच्याकडून गणपतीचे मोदक आणि ईदचा शीरखुर्मा तुमच्याकडे येतो आणि तुमच्याकडून २६ तारखेला उरलेला केक जातो.

आणि शेवटचं नाव, ज्याच्याशी तुम्ही बोलत नाही ते. त्याबद्दल पुढे.

यादी झाली की एकदा फादरना किंवा तुमच्या वाडीत घरोघर फिरणाऱ्या सिस्टरना दाखवा, कारण कोणत्या घरात आधीच चार जण जातायत आणि कोणाकडे कोणीच जात नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं. माझ्या पहिल्या यादीतली दोन नावं सिस्टरनी खोडली आणि जे एक घातलं ते माझ्या घरापासून दहा मिनिटांवरचं होतं. मला ते घर ठाऊकच नव्हतं.

तपासा: यादीतल्या प्रत्येक नावापुढे तुम्ही तिथे कोणत्या वारी जाणार ते लिहिलंय का? नसेल तर यादी अजून पुरी झालेली नाही.

टप्पा २: पहिली भेट, जवळजवळ रिकाम्या हाताने

पहिला आठवडा फक्त भेटीचा. केक नाही, पिशवी नाही. फार तर परसातली चार लिंबं नाहीतर केळफूल न्या, म्हणजे सहज आल्यासारखं दिसतं. वस्तू घेऊन गेलात की समोरचा माणूस आभार मानायच्या मागे लागतो आणि त्याच्या मनातलं मनातच राहतं.

बायबलात लूकच्या शुभवर्तमानात येशूची आई मरिया तिच्या नात्यातल्या एलिझाबेथकडे जाते ते बघा, काय घेऊन गेली ते कुठेच लिहिलेलं नाही, पण डोंगराळ भागातून घाईने गेली आणि साधारण तीन महिने राहिली हे लिहिलंय. आपल्याला तीन महिने नको, पाऊण तास पुरे. पण तो पाऊण तास बसून.

काय करायचं ते सरळ सांगते. फोन करून जा, म्हाताऱ्या माणसालासुद्धा अचानक गाठलेलं आवडत नाही, बाईला घर आवरायला वेळ हवा असतो. रिक्षा थांबवून ठेवू नका, सोडून द्या. मोबाईल पिशवीत. चहा विचारला तर हो म्हणा, आणि कप विसळायला उठू नका, त्या दिवशी तुम्ही पाहुणे आहात, त्यांना यजमान होऊ द्या. एकट्या माणसाला स्वतःच्या हातचा चहा दुसऱ्याला द्यायची संधी महिनोन्महिने मिळत नाही.

बोलायचं काय हा प्रश्न पोरं विचारतात. त्यांच्या लहानपणीच्या नाताळबद्दल विचारा. गोठा (येशूजन्माचा देखावा) कसा करायचे, मिस्सेला चालत किती लांब जायचे, कंदील कोणाच्या हातात असायचा. मग तुम्हाला बोलायला लागतच नाही. मयत झालेल्या घरात मात्र गेलेल्या माणसाचं नाव घ्या, टाळू नका. "अंकल असते तर आता गोठ्याचं काम काढलं असतं त्यांनी" एवढं म्हटलंत की ती माऊली रडेल, रडू द्या. आपण तिथे नाव काढणारे पहिलेच असू शकतो.

इथे लोक चुकतात ते असं: सल्ला देतात, देवाची इच्छा म्हणून विषय मिटवतात, आणि निघताना "काही लागलं तर सांगा" म्हणतात. कोणी सांगत नाही हो. त्याऐवजी डोळे उघडे ठेवा. बल्ब गेलाय का, गोळ्यांची पट्टी संपत आलीय का, पायरी हलतेय का, दारातला नळ गळतोय का. घरी आल्यावर वहीत लिहा, त्यांच्यासमोर नाही.

टप्पा ३: एक काम

दुसऱ्या आठवड्यात वहीतलं एक काम करून द्या. एकच, पण पुरतं.

आपल्याकडे डिसेंबर आला की ब्लँकेटवाटप सुरू होतं, आणि मला हे स्पष्ट लिहायचंय की किनारपट्टीवर पहाटेचा गारवा असतो पण ब्लँकेटवाचून कोणी अडलेलं असतं असं फार क्वचित. आंबोलीकडे वर घाटात गोष्ट वेगळी. घाटावरचं बघून आपण तेच करतो. त्याच पैशात काय होतं ते बघा: मेडिकलवाल्याकडची कोणाची तरी उधारी परस्पर भागते आणि नाव सांगायची गरज पडत नाही. खलाशाच्या किंवा बागेतल्या राखणदाराच्या मोबाईलला रिचार्ज होतो आणि तो घरच्यांशी व्हिडिओवर बोलतो. गॅसचा सिलिंडर येतो. खलाशांकडे जायचं तर बोट बंदराला कधी लागते ते तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, आधी विचारा, नाहीतर तुम्ही जेट्टीवर आणि ते समुद्रात.

पैसे न लागणारं काम तर त्याहून भारी. आपल्या भागातून कितीतरी पेशंट तपासणीला गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला जातात, सोबत कोणी नसलं की दोन-दोन महिने पुढे ढकलतात. एक दिवस काढून पहाटे त्यांच्याबरोबर निघा, फाईल तुम्ही धरा, रांगेत तुम्ही उभे राहा, डॉक्टर काय म्हणाले ते कागदावर लिहून घ्या.

आणि स्टार. म्हाताऱ्या माणसांच्या घरावर स्टार लागत नाही कारण शिडीवर चढायला कोणी नाही, बाकी काही कारण नसतं. माळ्यावर जुना स्टार असतोच, बांबूच्या कामट्यांचा, कागद फाटलेला. तो खाली काढा, पतंगाचा कागद नवा चिकटवा आणि लावून द्या. खाऱ्या हवेने होल्डर गंजलेला असतो, तोच परत वापरू नका, नवा घ्या, वायर कुठे उघडी पडलीय का ते मेन स्विच बंद करून बघा आणि आत साधा पिवळा बल्ब न घालता छोटा एलईडी घाला, कागद तापत नाही. बटण त्यांच्या खाटेवरून हात पोचेल असं असलं तर उत्तमच. आजीच्या घरी असा स्टार लावला त्या रात्री ती म्हणे अकरापर्यंत ओसरीवर बसून होती.

सावध: केलेल्या कामाचा फोटो काढू नका. स्टारचा काढा हवा तर, माणसाचा नको, उधारीचा तर अजिबात नको. दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये हे प्रभूने सांगितलंय, आणि आपल्या गावात व्हॉट्सॲपवरचा फोटो तासाभरात पाचशे घरांत पोचतो.

टप्पा ४: गडग्यापलीकडचा माणूस

हा टप्पा लोक सरळ सोडून देतात, नाहीतर नाताळच्या सकाळी चर्चच्या दारात घाईघाईत हात मिळवून आटपतात. तसं नका करू. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायात क्रम दिलेलाच आहे, वेदीजवळ अर्पण ठेवताना आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा आणि समेट कर. म्हणून हे काम तिसऱ्या रविवारच्या आत, जमलं तर कन्फेशनच्याही आधी.

आमच्या घरचंच सांगते. माझे वडील आणि त्यांचा चुलतभाऊ अकरा वर्षं बोलत नव्हते, कारण गडगा, म्हणजे दोन आवारांमधला दगडी बांध, हातभर सरकवला म्हणून. गडग्यावर एक फणस, त्याचे फणस दोन्ही बाजूंना पडायचे आणि कुजून जायचे, कोणी उचलायचं नाही. वडिलांनी शेवटी डिसेंबरात एकदा काय केलं, काकांच्या मोलकरणीबरोबर निरोप धाडला की गुरुवारी संध्याकाळी येतो, चालेल का. उत्तर यायला चार दिवस लागले. गेले तेव्हा एवढंच म्हणाले की त्या दिवशी मी तुझ्या आईदेखत जे बोललो ते बोलायला नको होतं. गडग्याचा विषय त्यांनीही काढला नाही आणि काकांनीही नाही. गडगा आजही तिथेच आहे, पण जूनमध्ये काकांकडून गऱ्यांची परात आली.

त्यातून मी शिकले ते असं. आधी निरोप पाठवा, अचानक दारात उभे राहू नका. निरोप नेणारा दोघांच्या विश्वासातला हवा आणि कमी बोलणारा हवा. एकटेच जा, बायकामुलांची फौज नको. तुमची चूक असेल तेवढीच, एका वाक्यात, "पण" न जोडता. सातबारा, वाटणी, विहीर, वाट हे विषय त्या दिवशी काढायचेच नाहीत, त्यासाठी जानेवारी आहे. आणि दार उघडलं नाही तर वाद न घालता परत या, पुढच्या टप्प्यातला डबा त्या घरीही पाठवा.

सावध: जिथे मारहाण, दारू किंवा बाईमाणसाला त्रास झालेला आहे तिथे कोणालाही "सणाचं मिटवून टाक" म्हणून ढकलू नका. ते काम आनंदाचं नाही.

टप्पा ५: गोडधोड, आणि ते कोणाच्या तोंडात जाणार

आगमन काळात दर रविवारी चर्चमध्ये एकेक मेणबत्ती लावतात, तिसरा रविवार म्हणजे गुलाबी मेणबत्तीचा, आनंदाचा रविवार. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलंय ना, प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, त्याच वचनावरून त्या रविवारला नाव पडलं. तो रविवार दुपारनंतर मी कुलकुलांसाठी (कंगव्यावर वळून तळलेल्या नाताळच्या गोड खाऊसाठी) ठेवते, आणि घरी एकटीने न करता यादीतल्या कोणाच्या तरी घरी करते. सामान मी नेते, चूल त्यांची. माणूस नुसता घेणारा राहिला की कसनुसा होतो, त्याच्या हाताचं काहीतरी बाहेर गेलं पाहिजे.

अर्धा किलो मैद्याला पाव वाटी कडकडीत तुपाचं मोहन, अर्धी वाटी पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि नारळाचं घट्ट दूध लागेल तसं, साधारण वाटीभर. पुरीच्या पिठासारखं घट्टसर मळून ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा. नवा कंगवा गरम पाण्याने धुऊन, पुसून तेलाचा हात लावून घ्या. गोळी सुपारीपेक्षा लहान. मंद-मध्यम आचेवर तळा, मोठ्या आचेवर वरून लाल होतात आणि आत कच्ची राहतात, दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. पुरती गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, दोन-तीन तास ताटात पसरून ठेवा. वाफ धरली की गेलं सगळं.

पहिल्या वर्षी आजीकडे बसलो होतो तेव्हा तिचे हात इतके थरथरत होते की कपबशी वाजायची, मला वाटलं हिला जमायचं नाही. तिने गोळी कंगव्यावर ठेवली, अंगठ्याने दाबत पुढे सरकवली आणि बोटाच्या टोकाने परत आपल्याकडे वळवली, शिंपल्यासारखी रेघ न् रेघ उमटलेली कुलकुल ताटात पडली. मग दुसरी. अंगठा कंगव्यावर टेकला की थरथर थांबायची. माझ्या त्यातल्या निम्म्या चपट्या झाल्या होत्या आणि तिने त्या बाजूला काढून ठेवल्या, "ह्यो घरात खाऊक" म्हणून.

आता डबे भरायच्या आधी प्रत्येक नावासमोर थांबा. इथे चुका फार होतात.

हिंदू शेजाऱ्यांकडे मार्गशीर्षातले गुरुवार बऱ्याच वर्षी आगमन काळातच पडतात, बायकांचे उपास असतात, काही घरांत तर सबंध महिना अंडं-मासळी बंद. तिथे अंड्याचा केक नेऊन ठेवला तर त्यांना नाही म्हणता येत नाही आणि खाताही येत नाही. वर दिलेली कुलकुलं बिनअंड्याची आहेत ती म्हणूनच, आणि डबा देताना तसं तोंडाने सांगा. मुसलमान शेजाऱ्यांसाठी रम-वाईनमधल्या मनुकांचा केक नको, मनुका संत्र्याच्या रसात भिजवल्या तरी छान होतो.

नेवऱ्या ओल्या खोबऱ्याच्या केल्यात तर त्या दोन दिवसांत संपवायच्या, लांब पाठवायच्या असतील तर सुकं खोबरं आणि भाजलेला रवा. गेल्यावर डबा उघडताना आंबूस वास आला की देणाऱ्याचं नाव निघतं.

डायबेटिसवाल्यांना खारे शंकरपाळे थोडे, नाहीतर सरळ मासळी न्या. साफ करून हळद-मीठ लावलेले चार बांगडे एकट्या म्हाताऱ्या बाईला केकपेक्षा कितीतरी मोलाचे, कारण तिला बाजारात जाऊन आणणं आणि विळीवर बसणं होत नाही. डायलिसिसवरच्या माणसाला शहाळं किंवा फळांची करंडी प्रेमाने नेऊ नका, त्यात पोटॅशियम असतं आणि त्यांना ते मोजून-मापून घ्यावं लागतं, खारंही नको, घरच्यांना विचारून काय चालतं तेच न्या.

तपासा: प्रत्येक डब्यावर नाव, आत काय आहे, अंडं आहे की नाही. डबा परत मागू नका, परत द्यायला लागेल ह्या धाकाने लोक दुसऱ्याच दिवशी काहीतरी भरून पाठवतात आणि त्यांना खर्च पडतो.

टप्पा ६: कॅरल घेऊन जाताना

१६-१७ डिसेंबरनंतर निघा. आठ-दहा जण पुरेत, पन्नास जणांचा घोळका लहान घराच्या अंगणात मावत नाही. दोन गाणी ठरवा, एक मराठी आणि एक कोकणी, तीन-चार कडव्यांपलीकडे नको. रात्री दहानंतर स्पीकर लावायला ध्वनिप्रदूषणाच्या नियमाने बंदी आहे, पण नियमाचं सोडा, नऊनंतर म्हातारी माणसं झोपतात. गिटार आणि टाळ बास.

आजाऱ्याच्या घरी खाटेजवळ दोघांनीच जा, बाकीच्यांनी खिडकीबाहेरून हळू आवाजात गायचं. मयतीच्या घरी आधी विचारा, चालत नसेल तर नुसती प्रार्थना. देणगीची पेटी फिरवायची असेल तर गरिबाच्या दारात ती सांताक्लॉजच्या पिशवीत लपवा, मी तर म्हणेन घरीच ठेवा. लोकांनी दहा रुपयेसुद्धा लाजेखातर घातलेले बघितलेत मी.

अख्रिस्ती वस्तीत किंवा वसतिगृहात जाणार असाल तर तिथल्या जबाबदार माणसाला दोन दिवस आधी भेटून परवानगी घ्या, आणि खाऊबरोबर पत्रक, पुस्तिका असलं काही देऊ नका. आनंद द्यायला गेलोय, त्याला काही जोडलेलं नसावं, जोडलं की समोरच्याला तो व्यवहार वाटतो. कोणी आपणहून विचारलं येशूबद्दल, तर मनापासून सांगा.

टप्पा ७: २४ तारखेची रात्र

चौथ्या रविवारपर्यंत एक चिठ्ठी तयार हवी, कोणाला मिस्सेला यायचंय आणि त्यांना कोण आणणार. नुसतं "कोणीतरी आणेल" म्हटलं की कोणीच आणत नाही. रिक्षावाल्याला २० तारखेलाच सांगून ठेवा, त्या रात्री मिळत नाही. म्हाताऱ्या माणसांना अर्धा तास आधी पोचवा, पाठ टेकायला जागा मिळेल अशा बाकावर, बाहेर जायची वाट आणि बाथरूम जवळ असेल अशा बाजूला. स्वेटर, पाणी, रात्रीची गोळी. परत कोण सोडणार तेही आधी ठरवा, मिस्सा संपल्यावर सगळे एकमेकांना शुभेच्छा देण्यात गुंगतात आणि ही माणसं आवारात खुर्चीवर बसून राहतात.

ज्यांना येणंच होत नाही त्यांची नावं तिसऱ्या आठवड्याच्या आत फादरना द्या, कन्फेशन आणि कम्युनियन (मिस्सेतला पवित्र प्रसाद) घरी मिळायची सोय होते. २४ तारखेला फोन केलात तर फादर तरी किती घरं करणार. फादर येणार त्या दिवशी टेबलावर पांढरं स्वच्छ फडकं, मेणबत्ती, क्रूस एवढं तुम्ही मांडून ठेवा.

टप्पा ८: २६ तारखेनंतर

आमच्यात नाताळचा काळ प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो, जानेवारीत जातो तो. २६ पासून मात्र सगळीकडे सामसूम. मुंबईकर २८-२९ ला परत निघतात, स्टेशनवर सोडून आलेले आईवडील घरी येतात आणि खाटांवरच्या चादरी गोळा करत बसतात. त्या संध्याकाळी जा. ही तिसरी भेट, आणि मी हिच्यासाठी एक संध्याकाळ आधीपासून राखून ठेवते, पाहुणे असले तरी.

न्यायचं काहीच नाही. गोठा अजून मांडलेला असतो, त्यात पेरलेले नाचणीचे कोंब हातभर वाढून वाकलेले असतात, ते बघायचे. कोण कोण आलं होतं ते ऐकायचं, नातवंडांचे फोटो बघायचे, एकच फोटो चारदा दाखवला तरी. स्टार ६ जानेवारीनंतर कधी उतरवायला येऊ ते विचारून तारीख ठरवायची, म्हणजे पुढच्या भेटीचंही ठरलं. वायर गुंडाळून, बल्ब काढून, कागदात बांधून माळ्यावर ठेवून द्या.

गेल्या वर्षी आजीकडे स्टार उतरवायला गेले तेव्हा ओट्यावर दोन कप आधीच काढून ठेवले होते. मी शिडी भिंतीला लावली आणि आधी चहा घेतला.